भावना बोटांत नव्हे, बेसमध्ये

संपादक महाशय, स.न.वि.वि.

नाशिकमध्ये कीबोर्ड शिकणारी मुले आता बरीच आहेत, पण ‘पाश्चात्त्य संगीतात भाव नसतो’ हे पालुपदही तितकेच ऐकू येते. उलट सतराव्या शतकातले युरोपीय रचनाकार भावनेचे अगदी हिशेबी काम करत. विलापासाठी बेसला, म्हणजे साथीतल्या सर्वांत खालच्या सुरावटीला, चार उतरते स्वर : सा, कोमल नी, कोमल ध, मंद्र प. इटालियन रचनाकार माँतेव्हेर्दीने 1638 मध्ये छापलेल्या अप्सरेच्या विलापात हेच चार स्वर अखंड फिरतात. इंग्रज रचनाकार पर्सेलने आपल्या ऑपेरातल्या (संगीतनाटकातल्या) डायडो राणीच्या विलापात मधल्या पट्ट्याही घेतल्या : सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. हार्मोनियमवर सावकाश वाजवून पाहा, दुसऱ्या-तिसऱ्या स्वरालाच घसा दाटतो.

चूक होते ती लयीत. गाणारा मोकळा आणि साथ मात्र हाताच्या मोजणीत अडकलेली, असे झाले की विलापाचा नुसता चिखल होतो. माँतेव्हेर्दीची सूचना स्पष्ट आहे : विलापाच्या आधीचे-नंतरचे तीन आवाज हाताच्या तालावर; विलापात मात्र अप्सरा मनाच्या लयीत आणि साथीचे आवाज तिच्या मागोमाग. गायक मोकळा आणि साथ त्याच्या मागोमाग, हे आपल्याला नवे नाही!

क्रोधासाठी माँतेव्हेर्दीने एका लांब स्वराचे 16 तुकडे करून तोच स्वर झपाझप वाजवायला लावला. वादकांना आधी ते हास्यास्पद वाटले आणि ते 16 ऐवजी एकच आघात करत, असे तो स्वतः लिहितो. कीबोर्डवर इथे सस्टेन (पट्टी सोडल्यावरही स्वर लांबवणारी सोय) बंद हवा, नाहीतर सोळाही आघात एकमेकांत मिसळतात. परीक्षेच्या रचनांआधी शिक्षकांनी विलापाचे एवढे दोन बेस तरी मुलांच्या हातात बसवावेत.

– एक संगीतशिक्षक, गंगापूर रोड, नाशिक