क्वीन्समधल्या तिघांचे आभार

परवा आईला घेऊन न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये दिवसभर भटकलो. सकाळी फ्लशिंगच्या बाऊन स्ट्रीटवरचं गणपतीचं देऊळ, तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा. (चटणी आईच्या मते पातळ. असो.) दुपारी १९६४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेला १४० फुटी पोलादी पृथ्वीगोल.

देवळाकडे जाणारी बस सापडेना, तेव्हा एका चिनी आजींनी आईचा हात धरून आम्हाला थेट थांब्यावर नेऊन उभं केलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आईलाही नाही. दोघी वाटभर बोलत होत्या.

गोलाजवळ आईच्या चपलेचा अंगठा तुटला. तिखटमीठ लावून आंब्याच्या फोडी विकणाऱ्या बाईंनी हातातलं काम टाकून पिशवीची सुतळी सोडली, दोन वेढे दिले, दातांनी गाठ आवळली. आंब्याचे पैसे घेतले, चपलेचे नाही.

शेजारच्या क्वीन्स म्युझियममध्ये अख्ख्या शहराची प्रतिकृती आहे. तिथल्या रखवालदारदादांनी न मागता आईसाठी खुर्ची आणली आणि आमची बोरिवली शोधावी तसं आम्ही उतरलेलं घर शोधून दाखवलं.

तिघांचीही नावं विचारायची राहिली. मनापासून आभार. सुतळी अजून टिकून आहे. आई ती चप्पल चांभाराकडे देऊ देत नाही.