सरकलेल्या ओळी आणि चुकलेली ४० पाणीबिलं

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समिती

विषय: मीटरच्या नोंदी नावावरून जुळवून पाणीबिलं दुरुस्त करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

या महिन्यात माझ्या नावावर ३१ युनिट पाणी लागलंय. घरात मी एकटी. मीटर मागच्या वेळी ४१२ होता, आता ४१८ आहे. म्हणजे ६ युनिट. शेजारी ३०५ मध्ये सहा माणसं आहेत, ते ३१ युनिट त्यांचे. आणि त्यांच्या बिलावर ३०६ चा आकडा.

शनिवारी कोषाध्यक्षांसोबत बसून एक्सेलमधला तक्ता पाहिला. आपल्या वहीत ४८ सदनिका, मीटरवाल्याच्या यादीत ४७ नोंदी. २०३ ला त्या दिवशी कुलूप होतं, म्हणून त्याने ती ओळच लिहिली नाही. आपण मात्र त्याचा रकाना उचलून वहीशेजारी जसाच्या तसा चिकटवला. नवव्या ओळीपासून प्रत्येकाला पुढच्या घराचं पाणी मिळालं. बंद घराला २०४ चं बिल गेलं आणि शेवटच्या ८०६ ला काहीच नाही. पहिल्या मजल्यावरून तक्रार का आली नाही, तेही यातून कळतं!

कोषाध्यक्ष म्हणाले, बेरीज तर जुळते. जुळणारच. आकडे सगळे तेच आहेत, फक्त दुसऱ्यांच्या दारात उभे आहेत.

त्या यादीत सदनिका क्रमांक नाही, नुसती नावं आहेत. तेव्हा जुळवणी नावावरूनच करावी लागेल, आणि तिथेही जपून. वहीत ‘जोशी विनायक गणेश’, यादीत ‘वि. ग. जोशी’, संगणकाला ही दोन वेगळी माणसं. नावामागे एक जादा मोकळी जागा राहिली, तरी डोळ्यांना सारखी दिसणारी नावं जुळत नाहीत. ती जागा ‘ट्रिम’ या सूत्राने जाते, पण वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरातली न तुटणारी मोकळी जागा (दिसायला साधीच, पण संगणकाला वेगळं चिन्ह) त्यालाही दाद देत नाही. भाडेकरूंचं नाव यादीत, मालकांचं वहीत, हा आणखी एक घोळ.

नाव यादीत शोधून त्यापुढचा आकडा आणणारं ‘व्हीलुकअप’ सूत्र वापरलात तर शेवटी ‘फॉल्स’ (म्हणजे तंतोतंत जुळणीच हवी) लिहायला विसरू नका. ते सोडलं की एक्सेल अंदाजे जुळणी करतं आणि नावं अक्षरक्रमाने लावलेली आहेत असं गृहीत धरतं. पण मला खरी भीती आहे ती दोन देशपांड्यांची. दोघांचंही नाव यादीत नुसतं ‘देशपांडे’ आहे. सूत्र पहिल्या देशपांड्यांचा आकडा दोघांनाही देईल, तोही बिनबोभाट. म्हणून आधी नाव किती वेळा आलं ते मोजणाऱ्या ‘काउंटइफ’ने दोनदा आलेली नावं काढून घ्या आणि ती मीटर पाहूनच ठरवा.

माझी सूचना अशी: यादीतलं नाव आणि आपला सदनिका क्रमांक असा दोन रकान्यांचा तक्ता एकदाच हाताने करावा. मी रविवारी बसायला तयार आहे. एवढं करूनही जे नाव सापडणार नाही त्यापुढे ‘एन/ए’ (म्हणजे सापडलं नाही) तसंच राहू द्यावं. २०३ पुढे ते येणारच आहे, त्या जागी शून्य भरू नये. पुढच्या महिन्यापासून ४८ क्रमांक आधीच छापलेला कागद मीटरवाल्याच्या हाती द्यावा आणि बंद घरापुढे त्याने ‘कुलूप’ लिहावं.

सुधारित बिलं निघेपर्यंत या ४० सदनिकांना विलंबशुल्क लावू नये, ही विनंती. माझ्या मीटरचा फोटो सोबत जोडला आहे.

आपली नम्र,
सभासद, सदनिका ३०४