विषय : सर्व्हिसिंगनंतर गाडीची ओढ गेल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,

महोदय,

माझी डिझेल गाडी आपल्या अमरावतीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला दिली तेव्हा धड होती. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एवढंच काम. परत येताना वलगावच्या पुढेच जाणवलं की ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी उचलत नाही. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना घेऊन चिखलदऱ्याचा घाट चढायला गेलो, तर दुसऱ्या गिअरमध्येही दम धरेना. मागे काळा धूर, बॉनेटखालून फुस्स आवाज. शेवटी दोन पाहुण्यांना उतरवून चालायला लावलं. जावयांपुढे अशी शोभा झालेली बरी नसते.

पन्नास किलोमीटर परत येऊन गाडी दाखवली. आपल्या सुपरवायझरने बॉनेटही न उघडता निदान केलं : "खेड्यातलं डिझेल खराब असते, इंजेक्टर साफ करावे लागतील." खर्च अठरा हजार. आमच्या गावात पंपच नाही साहेब. डिझेल मी तुमच्या वर्कशॉपशेजारीच भरलं होतं.

परतवाड्याच्या मिस्त्रीला दहा मिनिटं लागली. टर्बोकडून (इंजिनासाठी हवा दाबणारा पंखा) इंटरकूलरला (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारा होज पाइप जोडावर सैल होता, भोवती तेलाचा ओला डाग. माझ्या गाडीत ऑइल फिल्टर काढताना तो पाइप बाजूला घ्यावा लागतो. परत बसवताना क्लिप आवळलीच नव्हती. दाबाची हवा तिथूनच निघून जायची. टर्बोच्या आधीच बसवलेल्या सेन्सरने मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल मात्र पूर्ण पडायचं, म्हणून तो काळा धूर. त्याने क्लिप आवळली, पन्नास रुपये घेतले. गाडी त्याच घाटात तिसऱ्या गिअरवर गेली.

चूक कोणाकडूनही होते, त्याचा राग नाही. राग जॉब कार्डाचा, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीचा आहे. त्यावर 'रोड टेस्ट' समोर बरोबरची खूण आहे आणि वर्कशॉपने गाडी कामाला घेताना लिहिलेलं किलोमीटरचं रीडिंग ६४,२१२ आहे. गाडी ताब्यात मिळताच शेजारच्या पंपावर डिझेल भरलं, तेव्हा माझ्या वहीत ६४,२१२ च लिहिलं गेलं. मग रोड टेस्ट घेतली कुठे? जागेवरच?

सर्व्हिसिंगची मजुरी आणि दुसऱ्या फेरीचं डिझेल परत करावं, आणि ती खूण कोणी केली ते लेखी कळवावं. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन. जॉब कार्ड, पावती आणि वहीच्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. मूळ वही मी देणार नाही, तिच्यात कापसाचाही हिशेब आहे.

आपला ग्राहक,
ता. अचलपूर, जि. अमरावती