पाटा वाढवण्याआधी ब्रेकचा दांडा बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खंडेनवमीची पूजा आटोपली, गाडीला हार घालून झाला, की सोलापुरातल्या गॅरेजांत जुन्या फोर बाय फोर पिकअपची गर्दी सुरू होते. कांद्याचा हंगाम तोंडावर असतो. मागणी बहुधा एकच: ‘मागं एक-एक पाटा वाढवा, गाडी बसायला नको.’ पाटा म्हणजे स्प्रिंगची पोलादी पट्टी. पन्नास किलोची वीस पोती म्हणजे एक टन. गाडीची क्षमता तेवढीच असताना चाळीस पोती भरायची, हा या मागणीमागचा हिशेब उघड आहे. पण क्षमता फक्त पाट्यावर ठरत नाही. अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात.

त्यातही ब्रेकचे गणित कुणी पाहत नाही. अनेक पिकअपना मागच्या बाजूला चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. गॅरेजात त्याला एलएसपीव्ही म्हणतात. त्याचा एक बारीक दांडा अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. गाडी रिकामी असली की चेसिस वर असते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला कमी दाब सोडतो, म्हणजे मागची चाके जाम होत नाहीत. माल भरला की चेसिस खाली येते, दांडा सरकतो आणि दाब वाढतो. आता पाटे वाढवले तर दोन टन भरूनही चेसिस पुरेशी खाली येत नाही. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच! ब्रेकचा बहुतेक भार पुढच्या चाकांवर येतो. पुढचे पॅड वारंवार संपतात, डिस्क तापून निळसर पडते, मागचे ड्रम मात्र कोमट. ही लक्षणे दिसली तर पॅडची कंपनी बदलून काही होणार नाही. पाट्याचे काम झाल्यावर दांड्याची लांबी त्या मॉडेलच्या मापाने पुन्हा लावावी लागते. काही जण दांडा तारेने वर बांधून टाकतात. मग व्हॉल्व्ह कायम भरल्या गाडीचाच दाब सोडतो आणि रिकाम्या गाडीला पावसात ब्रेक मारला की मागची चाके जाम होतात आणि गाडी फिरते.

वजन कायदेशीर मर्यादेत असूनही गाडी बसत असेल, तर पाटे दमले आहेत. सपाट जागी, रिकाम्या गाडीत, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजावे. डाव्या-उजव्यात एक-दीड सेंटीमीटरहून जास्त फरक असला तर मोडलेला पाटा किंवा झिजलेले शॅकल बुश (पाट्याच्या टोकाच्या कडीतले रबर) शोधावे. पाट्यांना पुन्हा कमान मारून घेता येते, पण न तापवता गार मारलेली कमान लवकर उतरते. खरोखर मदत हवी असेल तर माल भरल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा बरा. तो रिकाम्या गाडीला कडक करत नाही.

जोडणीत दोन चुका नेहमीच्या. पहिली, पाटे घट्ट बांधणारे यू-बोल्ट जुनेच परत लावणे. एकदा पूर्ण ताणलेल्या बोल्टचे आटे पुन्हा तशी पकड देत नाहीत. नवेच घ्यावेत, समोरासमोरचे नट आळीपाळीने टॉर्क पान्याने आवळावेत आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. ते ढिले राहिले की सेंटर बोल्ट तुटतो, अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. दुसरी चूक, गाडी जॅकवर असतानाच रबरी बुशचे बोल्ट पक्के करणे. चाके जमिनीवर टेकून वजन आल्यावरच शेवटचा ताण द्यायचा. नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते.

पुढच्या चाकांना टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचे काम करणारा दांडा) असेल तर बोल्ट आवळून उंची वाढवण्याचा मोहही आवरावा. एक-दीड इंचापलीकडे गेले की अ‍ॅक्सलच्या जॉइंटचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतो, आणि खड्ड्यात चाकाला खाली जायला जागाच उरत नाही.

सुधारणाच करायची असेल तर आधी ब्रीदर घ्या. खर्च किरकोळ, फायदा मोठा. डिफरन्शिअलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) हौसिंगवर हवा ये-जा करणारी छोटी टोपी असते. आपली काळी माती त्यात वाळली की सिमेंटसारखी बसते. आत दाब वाढून ऑइल सील गळते. उलट प्रकार ओढ्यात किंवा सीनेकाठच्या पुराच्या पाण्यात होतो: तापलेले हौसिंग एकदम गार पडते, आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर लगेच बदलावे. थांबलात तर बेअरिंगला खड्डे पडतात. उपाय म्हणून टोपीच्या जागी निपल बसवून ऑइलला टिकणारा 8 मिलिमीटरचा रबरी पाइप बॉनेटपर्यंत वर न्यावा आणि त्याचे तोंड खाली वळवावे. अ‍ॅक्सल वर-खाली होतो, म्हणून पाइपला ढील ठेवायला विसरू नये.

ऑइल बदलताना आधी वरचा भरायचा प्लग सुटतो का ते बघावे. खालचा उघडून सगळे सांडल्यावर वरचा गंजलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकते. डिफरन्शिअलला जीएल-5 प्रतीचे ऑइल, पितळी सिंक्रो (गिअर जुळवणाऱ्या कड्या) असलेल्या गिअरबॉक्सला बहुधा जीएल-4. काही जीएल-5 ऑइलमधली रसायने पितळ खातात, म्हणून एकाच डब्यातून सगळीकडे ओतू नये. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस तर बहुतेकांच्या लक्षातही नसते. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन किलोमीटर फोर व्हील लावून चालवले तर लिव्हर मोकळा राहतो. कोरड्या डांबरीवर मात्र नको, वळताना पुढची-मागची चाके वेगळे अंतर कापतात आणि ताण गिअरवर येतो. त्याच कारणाने चारही टायर एका मापाचे हवेत. 215/75 आर 15 च्या जागी 235/75 घातला तर व्यास सुमारे चार टक्के वाढतो. मीटर 60 दाखवतो तेव्हा वेग 62 च्या पुढे असतो.

उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट (पाण्याचे तापमान राखणारा व्हॉल्व्ह) काढून फेकण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. बायपास असलेल्या इंजिनात त्याने उलटे होते: पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाताच फिरत राहतो. त्याऐवजी रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती-पाचट इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुवावी. बोअरचे पाणी घालू नये, क्षार साठतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घालावे.

मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चे बंधन आहे. कलम 182-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी होते. तेव्हा दिवे, रिफ्लेक्टर बघताना एलएसपीव्हीचा दांडा मोकळा आहे की तारेने बांधला आहे, एवढेही वाकून बघितले जावे, अशी आमची परिवहन कार्यालयाला विनंती आहे. टॉर्च असेल तर दोन मिनिटांचे काम आहे.

— पिकअप दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर