सूचना : रेशनवर अंगठा उठत नसेल तर

सोलापूरच्या विडी घरकुल आणि पूर्व भागातल्या सभासद भगिनींनो,

विड्या वळून बोटांच्या रेषा झिजतात, वर तंबाखूची भुकटी बसते, म्हणून रेशन दुकानातलं पॉस मशीन (बोटाचा ठसा घेऊन धान्याची पावती देणारं यंत्र) अंगठा घेत नाही. कार्ड बंद पडलं असं कुणी म्हटलं तरी लगेच माघारी फिरू नका. निघण्यापूर्वी हात साबणाने धुवा, तडकलेल्या बोटाला थेंबभर खोबरेल चोळून पुसून टाका. दुकानात मशीनची काच पुसायला सांगा. अंगठाच हवा असं नाही. दुसरी बोटं लावून बघा. करंगळी विडीला कमी घासते, ती बऱ्याचदा चालते. नाहीच जमलं तर कार्डावर नाव असलेलं घरातलं दुसरं माणूस चालतं, किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी मागवा. सवड काढून आधार केंद्रात ठसे नव्याने द्या.

प्राधान्य कार्डावर माणशी महिना 5 किलो, अंत्योदयवर कार्डामागे 35 किलो. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे. प्राधान्य कार्डावर सहा नावं म्हणजे 30 किलो, पावतीवर तेवढंच दिसलं पाहिजे. लेकराचं नाव चढवायचं राहिलं तर वर्षाला 60 किलो बुडतात.

‘अंगठा आज, धान्य उद्या’ हे मुळीच ऐकू नका. अंगठा उठला की मशीनमध्ये माल दिला गेला अशी नोंद होते, मग भांडायला हातात काही उरत नाही. आधी वजन, मग पिशवी, पावती जपून. तक्रार 1967 वर.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी कार्डाचा नंबर सोबत ठेवावा. धान्य तिकडच्या दुकानातही मिळतं.