घाबरलेल्या माणसाला वचन देताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

श्रद्धा आणि भीती या विषयावर आपल्या पानांवर अधूनमधून मजकूर येतो. त्यात ख्रिस्ती वाचकांच्या बाजूने थोडी भर घालावीशी वाटते. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी ‘मला भीती वाटते’ म्हटले, की उत्तर तयारच असते: ‘विश्वास कमी पडतोय, वचन धरून राहा.’ सोबत बायबलमधले एक वचन, २ तीमथ्य १:७ (तीमथ्याला दुसरे पत्र, अध्याय १, वचन ७), हातात दिले जाते आणि विषय मिटतो. घरी जाताना त्या माणसाजवळ एकाच्या दोन भीत्या झालेल्या असतात. पहिली होती तशीच राहते, वर ‘आपला विश्वास खोटा तर नाही ना’ ही दुसरी.

मुळात ते वचनच नीट वाचायला हवे. ‘देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिला नाही, तर सामर्थ्याचा, प्रीतीचा व संयमनाचा आत्मा दिला आहे.’ इथे मराठी भाषांतरकारांनी ‘भित्रेपणा’ हा शब्द घातला तो चोख आहे. मूळ ग्रीक शब्द ‘डेइलिया’; भीतीसाठी नेहमी येणारा ‘फोबोस’ या ठिकाणी नाही. भीती न बोलावता येते, तर भीतीपायी हातातले काम टाकून पळणे हा भित्रेपणा. लगेच पुढच्या वचनात पत्र लिहिणारा प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्य याला सांगतो की प्रभूच्या साक्षीची आणि माझ्या बंदिवासाची लाज धरू नको. छाती धडधडायचीच नाही, अशी अट त्याने कुठे घातलेली नाही. करिंथ शहरात आपण अशक्तपणात, भीत आणि थरथरत आलो होतो, हे त्याने स्वतःच त्या मंडळीला लिहिले आहे (१ करिंथ २:३). अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत तर येशूही अत्यंत व्याकूळ झाला. त्याने तिघा शिष्यांना जवळ ठेवले आणि तीच विनवणी तीनदा केली. त्या रात्री त्याचा विश्वास कमी पडला, असे कोण म्हणेल?

१ योहान ४:१८ चीही अशीच ओढाताण होते. ‘पूर्ण प्रीती भीती घालवून देते’ एवढाच तुकडा तोडून घेतला, की घाबरणारा माणूस प्रीतीत नापास ठरतो. आधीच्या वचनात न्यायाच्या दिवसाचा विषय आहे आणि याच वचनात पुढे शिक्षेचा उल्लेख आहे. योहान बोलतो आहे ते देव आपल्याला टाकून देईल, या भीतीबद्दल. वैद्यकीय तपासणीच्या निकालाआधी पोटात येणारा गोळा हा त्याचा विषय नव्हे.

आता ओळखीकडे, म्हणजे ‘मी कोण, कुणाचा’ या प्रश्नाकडे येतो, कारण खरी मदत तिथे आहे. रोमकरांस पत्र ८:१५ मध्ये पौल दासपणाचा आत्मा आणि दत्तकपणाचा आत्मा समोरासमोर ठेवतो. रोमन कायद्यात दत्तक घेतलेला मुलगा पूर्ण वारस असे. आधीच्या घराची त्याच्यावरची सत्ता संपत असे. दासाची जागा कामावर टिकते, काम चुकले की जागा गेली; मुलाची जागा नात्यावर टिकते. त्याच वचनातली ‘अब्बा, बापा’ ही देवाला मारलेली हाक म्हणूनच दासाच्या तोंडची नाही. आणि ही ओळख कर्तबगारीच्या आधी मिळते, याकडे फार कमी लक्ष जाते. मार्कच्या शुभवर्तमानात ‘तू माझा परमप्रिय पुत्र’ ही देवाची वाणी पहिल्याच अध्यायात, येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी ऐकू येते. तोवर एकही चमत्कार झालेला नाही. मत्तयाने त्यानंतर लगेच, सैतानाने अरण्यात येशूची घेतलेली परीक्षा सांगितली आहे. तिथल्या तीनपैकी दोन मोहांची सुरुवात ‘तू देवाचा पुत्र असलास तर’ अशी आहे. म्हणजे वार भुकेच्या निमित्ताने झाला तरी नेम ओळखीवर होता.

प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. भीती एका वाक्यात कागदावर लिहावी. ‘सगळीच भीती वाटते’ असे मोघम लिहून उपयोग नाही. ‘नोकरी गेली तर नातेवाइकांत मान राहणार नाही’ इतके नेमके लिहावे. त्याखाली दुसरे वाक्य पुरे करावे: ‘हे गेले तर मी कोण उरेन?’ उत्तर लिहायला वेळ लागतो, लागू द्यावा. बहुतेकदा ते ‘कोणीच नाही’ असे निघते. दासपण लपलेले असते ते याच उत्तरात, आणि वचन नेऊन लावायचे तेही इथेच. मानाची भीती असेल तर यशया ४३:१, जिथे देव नावाने हाक मारून ‘तू माझा आहेस’ म्हणतो. उद्याच्या पोटापाण्याची असेल तर मत्तय ६:२५ ते ३४ हा पूर्ण उतारा. मरणाची असेल तर इब्री २:१४-१५, कारण मरणाच्या भीतीने माणूस जन्मभर दास होतो हे तिथे उघड मांडले आहे. एका भीतीला एक शास्त्रभाग पुरे. दहा वचने एकदम दिली, तर एकही मनात मुरत नाही.

मग प्रार्थना. तिचा साचा १३ व्या स्तोत्रात आहे आणि ते स्तोत्र अवघे ६ वचनांचे आहे. पहिल्या २ वचनांत तक्रार. ‘कोठवर’ हा प्रश्न तिथे चारदा येतो. पुढच्या २ वचनांत मागणी, शेवटच्या २ मध्ये भरवसा. आपल्याकडे पहिला भाग गाळून थेट स्तुतीला लागण्याची घाई असते, तक्रार केली तर देव रागावेल अशा समजुतीने. पण न मांडलेली भीती स्तुतीखाली तशीच पडून राहते आणि रात्री वर येते. तीन मिनिटे तक्रार, तीन मिनिटे मागणी, तीन मिनिटे भरवसा, असे घड्याळ लावून केले तरी चालेल. ४२ व ४३ या स्तोत्रांत ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ असे कवी स्वतःला तीनदा विचारतो. पहिल्यांदा विचारून भागले नाही, हे त्याने झाकलेले नाही.

प्रार्थनेनंतर त्याच दिवशी एक छोटे पाऊल हवेच. जे काम भीतीपोटी टाळले जाते त्याचा सर्वांत लहान तुकडा करावा: फोन लावणे, पाकीट उघडणे, सभेत शेवटच्या रांगेत दहा मिनिटे बसणे. टाळले की त्या क्षणी सुटल्यासारखे वाटते, आणि नेमकी ती सुटकाच भीतीला पोसते. पुढच्या वेळी ती आणखी मोठी होऊन येते.

फसगत सर्वांत जास्त होते ती वचनाचा मंत्र केल्याने. छातीत धस्स झाले की वचन म्हणायचे, नीट म्हटले गेले नाही असे वाटून पुन्हा म्हणायचे, मोजून म्हणायचे. दर वेळी घटकाभर बरे वाटते, म्हणून तलफ वाढत जाते. असे चालले असेल तर वचन दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी वाचावे आणि मधल्या वेळी ती ओढ तशीच राहू द्यावी. ‘भिऊ नका’ हे बायबलमध्ये ३६५ वेळा, म्हणजे रोजचे एक, असा निरोपही सगळीकडे फिरतो. मोजून पाहा, भरत नाहीत. आकड्याची गरजही नाही. ‘भिऊ नको’ हे बहुधा आधीच घाबरलेल्या माणसाला म्हटले आहे आणि मागोमाग अनेकदा ‘कारण’ येते: कारण मी तुझ्याबरोबर आहे, कारण मी तुला उद्धरले आहे. धीर देतो तो त्या ‘कारण’पुढचा भाग.

एकदम घबराटीचा झटका आला, तर लांब उतारा वाचायला सांगू नये. पाण्यात बुडताना येशूचा शिष्य पेत्र याला ‘प्रभूजी, मला वाचवा’ एवढेच सुचले, आणि तेवढे पुरले. ४ आकडे मोजत श्वास घ्यावा आणि तेच तीन शब्द मनात म्हणत ६ आकड्यांत सोडावा. असा झटका साधारण १० मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरू लागतो. पण छातीत दुखत असेल किंवा असे पहिल्यांदाच होत असेल, तर घबराट आहे असे घरीच ठरवू नका, डॉक्टर गाठा.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट प्रत्येक पाळकाने या नजरेने पुन्हा वाचावी (१ राजे १९). ईजबेल राणीच्या धमकीने तो जीव घेऊन पळाला आणि झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूताने उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवला, झोपू दिले, उठवून पुन्हा खायला घातले. ‘मी एकटाच उरलो’ या त्याच्या समजाला उत्तर मिळाले, पण चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर: इस्राएलात देवाशी एकनिष्ठ असे ७,००० जण शिल्लक आहेत, आणि अलीशा हा सोबती तुला मिळेल. आधी अन्न, झोप, नंतर सत्य, नंतर माणसे, हा क्रम समुपदेशनात सहसा उलटा होतो.

काळजी सहा महिने, बहुतेक दिवस पाठ सोडत नसेल, झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात विश्वासाची हार नाही. जगणे नकोसे झाले असेल तर त्याच दिवशी जावे, आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. थायरॉईड ग्रंथी जास्त काम करू लागल्यानेही हात थरथरतात, धडधड होते, ते रक्ततपासणीत कळते. चालू गोळ्या मात्र कुणाच्या प्रार्थनेनंतर एकाएकी थांबवू नयेत. कमी करायच्याच असतील तर ते डॉक्टरांनी, हळूहळू.

जाता जाता आपल्यालाही एक विनंती. सुविचाराच्या चौकटीत फिलिप्पैकरांस पत्रातले ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे वचन छापताना त्याच्या लगेच आधीचे वाक्यही घ्यावे. ते आहे, ‘प्रभू समीप आहे’. तीन शब्दांची जागा चौकटीत निघू शकेल.

आपले,
मंडळीत समुपदेशनाचे काम करणारे वाचक