पादचारी दिन वर्षातून एकदाच का?

लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला होणाऱ्या पादचारी दिनाची बातमी वाचली. २०२१ पासूनचा हा उपक्रम स्तुत्य असला, तरी तो एका दिवसापुरताच राहावा, हे पटत नाही. वाहने बंद झाली की गिऱ्हाईक तुटते, ही दुकानदारांची व हॉटेलचालकांची भीती पूर्वी समजण्यासारखी होती. परंतु सप्टेंबर २०२४ मध्ये मंडई मेट्रो स्थानक सुरू झाल्यापासून पेठांत यायला गाडी आणलीच पाहिजे असे नाही. उलट आज मिसळ खायला आलेल्या ज्येष्ठांना हॉटेलच्या पायरीला टेकवलेल्या दुचाकींमधून अंग चोरत आत शिरावे लागते, आणि नंबर लागेपर्यंत बाकीची मंडळी भर रस्त्यात ताटकळत असते. महापालिकेने निदान महिन्यातील एका शनिवारी नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा टप्पा वाहनमुक्त ठेवून पाहावा.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे